बँड फुटल्यावर ड्रमरचं काय होतं

मी मुंबईत रेकॉर्डिस्ट आहे, जास्त करून बॅकग्राउंड स्कोअरचं काम. ड्रम्सच्या सेशनला वाजवण्यापेक्षा सूर लावण्यातच जास्त वेळ जातो हे बाहेरच्यांना माहीत नसतं. किटमधला एखादा टॉम ड्रम वाजवला की शेजारच्या स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा आपोआप झणझणतात, मग त्या टॉमचा सूर चावीनं जरासा वरखाली करत बसायचं.

मागे एका वेब सिरीजसाठी एकेकाळच्या गाजलेल्या रॉक बँडचा ड्रमर आला होता. बँड फुटून बरीच वर्षं झाली, गायकाचं सोलो चालू आहे, गिटारिस्ट जिंगल्स करतो, आणि ह्याला बोलावणं येतं ते लग्नातल्या संगीतचं. गाणी ज्यानं लिहिली नाव त्याचं, रॉयल्टी त्याची, आणि ज्या ठेक्यावर पब्लिक नाचलं तो कोणाच्याच नावावर नाही. हा अन्यायच आहे.

सीन साधा होता, रात्री एक माणूस बंद दुकानांसमोरून चालतोय. ह्यानं आधी अख्खं किट वाजवलं. डायरेक्टर म्हणाला, "दादा, फार भरलंय." ह्यानं काही न बोलता क्रॅश ही मोठी झांज काढली, टॉम बाजूला केले, उरलं फक्त हायहॅट (पायानं उघडमिट होणारी झांजांची जोडी), किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअरची कड. हेडफोनमध्ये लय धरायला क्लिकची टिकटिक चालू होती, तर मला म्हणाला, "क्लिक बंद कर रे, नुसतं पिक्चर दाखव." आणि मग नटाच्या पावलांच्या किंचित मागे राहून वाजवत गेला, बस जाते तिथे हायहॅट अर्धा उघडून परत मिटला. एका टेकमध्ये ओके. असा कान मी फार कमी लोकांत बघितलाय.

चहाला विषय स्टुअर्ट कोपलंडचा निघाला, द पोलीस ह्या गाजलेल्या रॉक बँडचा ड्रमर. बँडची गाजलेली गाणी बहुतेक गायक स्टिंगनं लिहिलेली, म्हणजे दुखणं तेच. पण 1983 मध्ये, बँड टॉपला असतानाच, कोपलंडनं दिग्दर्शक कोपोलाच्या रम्बल फिश सिनेमाचं संगीत केलं, अमेरिकेतल्या टल्सा शहराच्या रस्त्यावरचे आवाज त्यात मिसळून. बँड थांबल्यावर 1986 मध्ये त्यातले तिघं परत जमले तर हा घोड्यावरून पडला, कॉलरबोन मोडलं, नवा अल्बम काही झाला नाही. पण तोवर टीव्ही मालिकेचं काम हातात होतं, मग 1987 चा वॉल स्ट्रीट सिनेमा, 1998 चा स्पायरो व्हिडिओ गेम, ऑपेरा, आणि 2022 मध्ये आपल्या बंगळुरूचा संगीतकार रिकी केजबरोबर ग्रॅमी. दादा म्हणाले, "त्यानं बँड असतानाच दुसरं दार उघडून ठेवलं, आम्हाला कोणी सांगितलंच नाही."

फायनल मिक्समध्ये प्रॉडक्शननं त्या टेकच्या जागी लायब्ररीतला लूप, म्हणजे तयार ठेक्याचा परत परत वाजणारा तुकडा, टाकला. कारण विचारलं तर म्हणे "पंच हवा होता". ज्यांना ऐकू येत नाही तेच निर्णय घेतात.

आता दादांना तो टेक हवाय, दुसऱ्या एका डायरेक्टरला ऐकवायला. करारानं तो प्रॉडक्शनचा, आणि माझ्या ड्राइव्हवर पडून आहे. परवानगीसाठी मेल टाकलाय, उत्तर नाही, सोमवारी ऑफिसात जाऊनच बसणार आहे.