आलेख फारच गुळगुळीत होता

पीएचडीचा विद्यार्थी उघडा लॅपटॉप हातावर धरून केबिनमध्ये शिरला तेव्हाच ओळखलं, याला काहीतरी सापडलंय. संगणकावर चालवलेली शंभर स्पिनची, म्हणजे इवल्या क्वांटम चुंबकांची, साखळी, सुरुवात एक वर एक खाली अशा नील अवस्थेतून, एक सोडून पुढच्या स्पिनशीही परस्परक्रिया. अशा साखळीतलं हे वर-खाली चुंबकन लवकर विरायला हवं. याच्या आलेखात ते थोडं उतरून तिथेच रेंगाळत होतं.

"मॅडम, ही समतोलाला जातच नाहीये."

२०१७ साली ५१ रिडबर्ग (अतिउत्तेजित) अणूंच्या प्रयोगात अशीच अनपेक्षित, टिकून राहणारी दोलनं दिसली होती, त्यामुळे त्याची आशा अगदीच निराधार नव्हती.

तीस स्पिनची पूर्ण अवस्था साठवायला १७ जीबी लागतात आणि पुढचा प्रत्येक स्पिन ते दुप्पट करतो. म्हणून शंभर स्पिनसाठी आम्ही अवस्था मॅट्रिक्सच्या माळेत लिहितो आणि मॅट्रिक्सच्या आकाराला, म्हणजे बाँड डायमेन्शनला, मर्यादा घालतो. पण क्वेंचनंतर, म्हणजे साखळी अशी एकदम मोकळी सोडल्यावर, एन्टँगलमेंट (स्पिनमधला क्वांटम गुंता) काळाबरोबर साधारण सरळ रेषेत वाढतं, आणि ते पेलायला मॅट्रिक्स घातांकी वेगाने वाढवावे लागतात. मेख इथेच आहे.

अवस्था काळात पुढे न्यायला त्याने टीडीव्हीपी ही पद्धत घेतली होती: आधी दोन-साइट प्रकाराने, ज्यात बाँड वाढू शकतो, ते २५६ पर्यंत नेलं होतं, मग एक-साइटवर उतरला होता, ज्यात तो तेवढाच राहतो. ऊर्जा दहाव्या दशांशापर्यंत स्थिर. काळाची पायरी निम्मी केली तरी रेष जागची हलत नव्हती. मुक्त फर्मिऑनच्या, म्हणजे कागदावर अचूक सुटणाऱ्या, सोप्या बाबतीत सुरुवातीच्या काळात बेसेल फलनाशीही जुळत होतं. पोराने कसून तपासलं होतं. हल्ली बरेच जण लायब्ररी उतरवून घेतात आणि थेट आलेख काढतात. पण एक-साइट पद्धतीत ऊर्जा जपली जाते ती पद्धतीच्या घडणीमुळे. उत्तर भरकटलं तरी ती जपलीच जाते! टीईबीडी या जुन्या पद्धतीत निदान प्रत्येक छाटणीला किती फेकलं ते समोर येतं. माझा जीव अजून त्याच्यातच आहे.

"एन्ट्रॉपी काढलीस का? दाखव."

मधल्या बाँडची एन्ट्रॉपी, म्हणजे तिथल्या एन्टँगलमेंटचं माप, सरळ चढत गेली होती आणि साडेसात बिटांच्या आसपास आडवी झाली होती. २५६ मध्ये ८ बिटांपेक्षा जास्त मावतच नाहीत. चुंबकन रेंगाळायला लागलं तेही त्याच सुमारास.

मग बाँड ५१२ आणि १०२४ घेऊन पुन्हा तेच. आकार दुप्पट केला की खर्च आठपट, आणि मिळतो फक्त एक जादा बिट, म्हणजे थोडासाच पुढचा काळ. त्यात संगणकांच्या क्लस्टरची रांग. ती मोकळी मिळते फक्त दिवाळीत. दोन्ही वेळा रेंगाळणं पुढे सरकलं. ते बाँडच्या मर्यादेचं होतं, साखळीचं नव्हतंच.

पण तिन्ही रेषा जिथवर एकमेकींवर बसतात, तिथे शेवटाकडे एक लहानसा खांदा आहे. २४ स्पिनच्या क्रिलोव्ह गणनेतही, जिथे पूर्ण अवस्था छाटणीशिवाय ठेवतात, तो दिसतो, टोकांवरून परतणारी लाट मध्यावर पोहोचायच्या आधी. विद्यार्थी म्हणतो, यावरच पेपर लिहू. मी त्याला २८ स्पिनची गणना लावायला सांगितली आहे.