तुम्ही विचारलंत म्हणून: परीकथेच्या शेवटी कंट्री कशाला?

माझ्याकडे पाश्चात्त्य गाणं शिकायला येणाऱ्या मुलांपैकी कुणीतरी, नाहीतर त्यांना न्यायला आलेली आई, हे हमखास विचारते: "ताई, 'एन्चांटेड'मध्ये इतकी गोड गाणी आहेत, मग तुम्ही शेवटचं 'एव्हर एव्हर आफ्टर'च का घेता? ते तर धड परीकथेतलंही वाटत नाही." दारात चपला घालता घालता विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेवढ्या वेळात होत नाही, म्हणून इथे सविस्तर.

परीकथेतलं वाटत नाही, हे अगदी खरं. ते तसं वाटू नये अशीच त्या गाण्याची जागा आहे. डिस्नेच्या २००७ सालच्या या सिनेमात जिझेल नावाची कार्टून राजकन्या तिच्या अँडलेशिया राज्यातून ढकलली जाते आणि थेट न्यूयॉर्कच्या रस्त्यावर, हाडामांसाची होऊन बाहेर येते. संगीत अ‍ॅलन मेंकन यांचं, शब्द स्टीफन श्वार्ट्झ यांचे. या जोडीने त्याआधी डिस्नेसाठीच 'पोकाहॉन्टस' आणि 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम' केले होते, म्हणजे परीकथेची गाणी त्यांना नवी नव्हती. इथे त्यांनी आपल्याच घराण्याची थोडी टिंगल करायची ठरवली. पहिलं गाणं १९३७च्या 'स्नो व्हाइट'च्या थाटाचं. दुसऱ्यात जिझेल घर आवरायला प्राण्यांना हाक मारते, आणि शहर न्यूयॉर्क असल्यामुळे हरणं-सशांऐवजी उंदीर, कबुतरं आणि झुरळं कामाला लागतात. तिसरं सेंट्रल पार्कमधलं, अख्खी बाग नाचायला लागते असं ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांच्या, अंगाचं. चौथं नृत्याच्या समारंभातलं, आधुनिक प्रेमगीत. आणि पाचवं हे आपलं 'एव्हर एव्हर आफ्टर', पॉप-कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या वळणाचं, कंट्री म्हणतात ते संगीत पॉपमध्ये मिसळलेलं.

आता या पाच गाण्यांत कोण गातं, ते बघा. पहिल्या तिन्हींत जिझेल स्वतः गाते. चौथं तिथल्या बँडचा गायक गातो. ती आणि न्यूयॉर्कमध्ये तिला भेटलेला, पेशाने वकील असलेला रॉबर्ट नुसते नाचतात, तो तिच्या कानाशी एखादी ओळ गुणगुणतो तेवढीच. पाचव्याला पडद्यावरचं कुणीच गात नाही. आवाज कॅरी अंडरवुड या कंट्री गायिकेचा, आणि ती या गोष्टीत नाहीच. गाणं असं पात्रांच्या तोंडून हळूहळू सुटत जातं. जिझेल जसजशी न्यूयॉर्कची होते तसतशी ती गायची थांबते, कारण खरी माणसं रस्त्यात गात नाहीत. त्यांच्यासाठी दुसरंच कुणीतरी रेडिओवर गातं.

आपल्याला हे चटकन जाणवत नाही, याला कारण आपले कान. आपल्या संगीत नाटकात बालगंधर्व स्वतः गायचे, पण सिनेमात ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. मागे कुणाचा तरी आवाज आणि पडद्यावर लग्नाची धावपळ, यात आपल्याला वेगळं ते काय वाटणार? अमेरिकन म्युझिकलमध्ये मात्र पात्राने भर प्रसंगात तोंड उघडून गावं, ही अपेक्षा असते. तिथे गोष्टीचा शेवट बाहेरच्या गळ्यावर सोपवणं ही ठरवून केलेली गोष्ट आहे.

मग कंट्रीच का? बाजार हे एक कारण आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. ओक्लाहोमातल्या चेकोटा नावाच्या लहानशा गावची ही कॅरी २००५ साली 'अमेरिकन आयडॉल' ही टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा जिंकली आणि सिनेमा आला तोवर तिथल्या घराघरांत पोचली होती. पण नुसतं नाव हवं असतं तर गायिकांना काय तोटा होता? कंट्री म्हणजे गोष्ट सांगणारं गाणं. घर, ट्रक, आई, मोडलेलं लग्न, देव, सगळं थेट नाव घेऊन, आणि डोळ्यांत पाणी आलं तर त्याची लाज न बाळगता. 'सुखाने नांदू लागले' हे २००७ साली न्यूयॉर्कमध्ये हसू न येता म्हणायचं, तर ते असल्याच गळ्याला शोभतं. त्यातही गंमत अशी की हाच गळा वर्षभरापूर्वी एका गाण्यात फसवणाऱ्या मित्राच्या गाडीवर किल्लीने ओरखडे काढून, बॅटने हेडलाइट फोडून, टायरही फाडून मोकळा झाला होता. ते गाणं प्रचंड गाजलं. अशा बाईने परीकथेवर विश्वास ठेवा म्हटलं की ते भाबडं वाटत नाही.

क्लासमध्ये घेण्याचं कारण मात्र निव्वळ गळ्याचं आहे. आपल्या मुलांना सुगम संगीताची सवय. स्वर लांबवायचा म्हटला की ती त्याला गोल करतात, मींड घेतात, वर एखादी हरकत टाकतात. इथे ते चालत नाही. कडवं बोलल्यासारखं म्हणायचं आणि ध्रुवपदाला एकदम छाती उघडायची. 'एव्हर'चा शेवटचा 'र' तर सगळ्यांना छळतो. पॉपवाले स्वरावर थांबून 'र' जवळजवळ गिळतात, कंट्रीवाले तो चावतात. फार चावला तर नक्कल वाटते, सोडला तर गाणं कंट्री राहत नाही. गेल्या वर्षी एका मुलीने अर्धा तास फक्त तेवढंच केलं. शेवटी म्हणाली, "ताई, जीभ दुखायला लागली." मग जमलं.

एका गोष्टीची मला अजून हळहळ वाटते. रॉबर्टच्या ठरलेल्या बायकोचं, नॅन्सीचं काम इडिना मेन्झेलने केलंय, जिला श्वार्ट्झ यांच्याच 'विकेड' या संगीत नाटकासाठी २००४चा टोनी हा अमेरिकन रंगभूमीचा पुरस्कार मिळाला. तिला या सिनेमात एकही गाणं नाही! तिचं आणि जिझेलच्या मागे अँडलेशियातून आलेल्या राजपुत्राचं एक युगुलगीत ठरलं होतं, तेही गळलं. शेवटी 'एव्हर एव्हर आफ्टर' वाजत असताना ती अँडलेशियात राजपुत्राशी लग्न लावते आणि वाजणारा मोबाइल फेकून देते. म्हणजे खरी गाणारी बाई कार्टून होऊन गप्प, आणि गातंय तिसरंच कुणी. २०२२च्या दुसऱ्या भागात तिला गाणं दिलं, पण तोवर बराच उशीर झाला होता.

गाणं म्हणून ते पाचांत सर्वांत उत्तम आहे का? नाही. ऑस्करला या एकाच सिनेमाच्या तीन गाण्यांना नामांकनं मिळाली, त्यांत हे नव्हतं, आणि त्यात अन्याय काही झाला नाही. सेंट्रल पार्कचं गाणं याच्यापेक्षा कितीतरी कसदार आहे. त्यामुळे कुणी ऑडिशनला काय म्हणू विचारलं तर मी ते सेंट्रल पार्कचंच सांगते, त्यात अभिनयाला जागा आहे. 'एव्हर एव्हर आफ्टर' गॅदरिंगला घ्या, शेवटून पहिलं, आणि माइक तोंडापासून जरा लांब धरा.