आमिनतमधला ‘त’

रविवार, माले (मालदीव)

इथला आठवडा रविवारी सुरू होतो आणि सातवीची हजेरी पहिल्याच तासाला माझ्याकडे असते. वर्गात तीन आमिनत आहेत. महिनाभर मी तिघींनाही ‘आमिना’ म्हणत आले. रत्नागिरीत आमच्या शेजारी एक आमिना राहायची, तेच नाव जिभेवर बसलेलं. आज पहिल्या बाकावरची पोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “मिस, आमिनत. शेवटी त आहे.” मला फार वाईट वाटलं. नावाचं एक अक्षर मी रोज गाळत होते.

अरबीत हे नाव आमिना, पैगंबरांच्या आईचं. अर्थ सुरक्षित, निर्धास्त. अरबीतल्या अशा स्त्रीलिंगी शब्दांच्या शेवटी एक त दडलेला असतो. शब्द एकटा उच्चारला तर तो ऐकू येत नाही, पुढचा शब्द जोडून आला की उमटतो. इथल्या दिवेही भाषेने तो कायमचा उघडा ठेवला. म्हणून आयशाची आयशत, फातिमाची फातिमत. परंपरेनुसार ११५३ मध्ये इथल्या बौद्ध राजाने इस्लाम स्वीकारला, तेव्हापासून अशी नावं या बेटांवर रुजत गेली. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे आला, तेव्हा गादीवर सुलताना खदीजा होती.

भाषा मात्र आपल्याच नात्यातली, सिंहलीची बहीण. मासा म्हणजे मस, चांद म्हणजे हंदु. बाजारात पहिल्यांदा ‘मस’ ऐकलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

संध्याकाळी खोलीच्या भाड्याची पावती चाळताना लक्षात आलं, हा त तर आपल्याकडेही आहे! किंमत, हिंमत, दौलत, सगळ्यांच्या शेवटी तोच. आणि घरमालकाकडे मी ठेवली आहे ती अनामत? मूळ शब्द अमानत, आपण अक्षरांची अदलाबदल केली. अमानत, इमान, आमिना, तिन्ही एकाच धातूची. सांभाळायला दिलेलं ते अमानत, निर्धास्त असलेली ती आमिना.

ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ साली या देशाची बाजू मांडणाऱ्या पर्यावरणमंत्री आमिनत शौना होत्या. देशाची बहुतेक जमीन समुद्रापासून मीटरभरही उंच नाही, आणि बोलणाऱ्या बाईचं नाव ‘निर्धास्त’. हे मनातून जात नाही.

हजेरीपटावर तिन्ही नावांपुढे पेन्सिलीने त लिहून ठेवला आहे. तिघींना वेगळं ओळखता यावं म्हणून त्यांची दुसरी नावंही. घरी त्यांना त्याच नावाने हाका मारतात म्हणे.