तीस सेकंदांतली बाई

झोप येत नाहीये. कारंजी बघून आल्यापासून सगळे गाढ झोपलेत. मी बाथरूममधला दिवा लावून तोच एक फोटो मोठा करकरून बघतेय.

कोव्हल लेनवरचा. लास व्हेगासच्या स्ट्रिपला, म्हणजे कसिनो-हॉटेलांच्या मुख्य रस्त्याला समांतर, पूर्वेकडच्या हॉटेलांच्या पाठीशी असलेला हा रस्ता. समोरून कुणी पॅरिस, कुणी व्हेनिस. मागून सगळी सारखीच: पार्किंगचे मजले, माल उतरवायची दारं, घरघरणारे एसी, मध्येच जाळी मारलेला खडीचा प्लॉट. गंमत म्हणजे स्ट्रिपचा हा भाग मुळात लास व्हेगास शहराच्या हद्दीत येतच नाही. शहराचा कर चुकवायला कसिनोवाल्यांनी १९५० साली वेगळी वसाहत करून घेतली. तिचं नाव पॅराडाइज. ‘स्वर्गाचं परसदार’ हे शीर्षक मी घरून निघतानाच ठरवून ठेवलं होतं, हेही लिहून टाकते. फोटो नंतर काढायचे होते.

ट्रायपॉड, लेन्सवर प्रकाश अडवणारी गडद काच (एनडी फिल्टर), तीस सेकंदांचं एक्स्पोजर. शटर इतका वेळ उघडं राहिलं की चालती माणसं, धावत्या गाड्या उमटतच नाहीत. वाहता रस्ता ओसाड दिसतो. जुनीच युक्ती.

बसथांब्यावर ती बसली होती. हॉटेलचा गणवेश, बुटांच्या नाड्या सैल केलेल्या. ‘मला ती दिसलीच नाही’ असं लिहिणार होते. खोटं. दिसली होती. बस येईल, जाईल म्हणून थांबलेही. बस येईना, ऊन सोसवेना, दाबलं शटर. निम्म्यात तिचं लक्ष गेलं आणि ती लगबगीने उठून बाजूला झाली. ‘सॉरी’ म्हणाली. मला! आणि मी काय म्हणावं? ‘हरकत नाही.’

फोटोत ती अर्धीमुर्धी उमटलीय. तिच्या आरपार बाकाच्या पट्ट्या दिसतात. बाकावर राहिलेली डब्याची पिशवी तेवढी लख्ख, कारण ती हलली नाही.

मी तिला ऊठ म्हटलं नव्हतं. पण ती उठली तेव्हा मला बरं वाटलं, हे काही केल्या जात नाहीये. मीना म्हणतेच, गेल्या वर्षापासून तुला नुसत्या रिकाम्या जागा दिसतात. दिसतात तर दिसतात. ते आज नको.

घरच्या अल्बमात तरी मी कुठे आहे? कॅमेरा कायम माझ्याकडे. चाळीस वर्षांची लग्नं, बारशी, सहली, आणि मी त्यातल्या एकाही... असं डोळ्यांत पाणी वगैरे येत होतं, तेवढ्यात संध्याकाळचं आठवलं. कारंज्यापाशी विन्या मोबाइल धरून म्हणाला, “ताई, जरा सरकतेस? मागचं पाणी येत नाहीये.” मी सरकले. वर ‘सॉरी’ म्हणाले! एकटीच हसले आत्ता, तोंडावर टॉवेल धरून.

डिलीटवर बोट दोनदा नेलं. राहू दे. शीर्षक मात्र गेलं.

उद्या हूवर धरण. सातला खाली यायचंय म्हणे, म्हणजे विन्या साडेसातला उठणार.

ती बाजूला झाली आणि लगेच बस आली होती. पिशवी तिने उचलली का? मी तेव्हा मान खाली घालून स्क्रीनवर फोटो तपासत होते.