आजी, जरा पुढं सरका की

मुंबईत गेटवेजवळ बॅटरीवरची व्हिक्टोरिया, म्हणजे जुन्या चार चाकी घोडागाडीसारखी गाडी, बघितली तेव्हा पोरगी पहिलं काय बोलली तर "बाबा, घोडा कुठंय?" आता हिला काय सांगणार. २०१५ च्या जूनमध्ये हायकोर्टाने घोड्यांच्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, बंद करायला वर्षभराची मुदत दिली, मग २०२१ ला या इलेक्ट्रिकवाल्या आल्या. तिला एवढंच म्हटलं, घोडा रिटायर झाला.

पण डोक्यात आमचा मिरजेचा टांगा सुरू झाला. स्टेशनबाहेर लायनीत उभे असायचे, घोड्याच्या तोंडाला चंदीचा तोबरा, म्हणजे दाण्याची पिशवी, आणि टांगेवाला नुसता बघूनच माणसं तोलायचा, खरंच सांगतो. टांग्याला चाकं दोनच, म्हणजे मागं वजन जास्त होऊन गाडी उलाळ झाली की दांड्या वर उचलायला लागतात आणि घोड्याच्या पोटाखालचा पट्टा ताणतो, पुढं जास्त झालं तर सगळा भार त्याच्या पाठीवर. आमची आजी चांगली दणदणीत, शिवाय ट्रंक, त्यामुळे दरवेळी तेच, "आजी, जरा पुढं सरका की, गाडी उलाळ झालीया." मग मला उचलून स्वतःच्या शेजारी बसवायचा, मी म्हणजे वजनकाट्यावरचं छोटं माप! आजीला वाटायचं हा मुद्दाम बोलतो, भाडं वाढवायला, आणि उतरताना आठ आण्यांवरून ठरलेली खडाजंगी.

व्हिक्टोरियाला ही भानगड नाही, चार चाकं, घोड्याने फक्त ओढायचं. कोचवान उंच बसणार, सवारी मागे ऐसपैस. मुंबईत तर एकेकाळी ट्रामसुद्धा घोडेच ओढायचे, ९ मे १८७४ ला कुलाबा ते पायधुणी सुरू झाली, तिकीट तीन आणे, १९०५ पर्यंत चालली. त्यानंतर विजेची ट्राम, टॅक्सी, बस आली आणि कामाची गाडी हळूहळू फिरायची गाडी झाली. माझ्या मते खरा घात तिथंच झाला. पोचायला म्हणून कोणी बसेना, मग फुगे, दिवे, चमकी लावून गिऱ्हाईक ओढायचं आणि रात्री डांबरावर पळवायचं. लोखंडी नाल डांबरावर घसरतात, एकदा डोळ्यांदेखत घोडा गुडघ्यावर बसलेला पाहिलाय, कोचवान शिव्या देत नव्हता, त्याची मान धरून काहीतरी पुटपुटत होता. बंदी बरोबरच होती असं मला वाटतं. पण ज्या माणसाला घोडा सोडून दुसरं काही येत नाही त्याने चाळिशीत काय शिकायचं, हेही वाटतंच.

पोरीला त्या बॅटरीच्या गाडीत बसवलं शेवटी. मी मागे टेकून बसलो होतो, तर सवयीने थोडा पुढं सरकलो. ड्रायव्हर म्हणाला, "आरामात बसा साहेब, काही होत नाही."