सहज बसला

विमानाचं पेट्रोल निळं असतं. हंड्रेड लो लेड हा त्याचा नेहमीचा प्रकार, त्यात ओळखू यावं म्हणून मुद्दाम रंग घालतात. त्यामुळे गळती शोधायला फार हुशारी लागत नाही. गोव्याच्या दाबोळी विमानतळावर उभ्या असलेल्या त्या चार आसनी विमानाच्या पोटाला, फ्युएल पंपाच्या ड्रेन नळीपासून मागे, निळसर ओघळ वाळला होता. आणि कॅप्टन मला, दुरुस्तीला आलेल्या माणसाला, सांगत होते, "पण प्रेशर कायम हिरव्यात होतं हो."

असणारच. पंख खाली असलेल्या विमानात टाक्या इंजिनाच्या खालच्या पातळीला, पेट्रोल आपसूक उतरत नाही. म्हणून दोन पंप असतात. एक मेकॅनिकल, इंजिनाच्या पाठीवर, इंजिनच त्याला चालवतं. दुसरा इलेक्ट्रिक, उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी जोडीला. दाब दाखवणारा काटा मात्र एकच, हिरव्या पट्ट्यात असला की दाब ठीक, आणि पेट्रोल कोण ढकलतंय ते काट्याला कळत नाही. मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, फाटलेला असला तरी इलेक्ट्रिक चालू ठेवा, काटा हिरव्यात. वैमानिक रंग बघतात, आकडा बघत नाहीत, हे माझं जुनं मत. ते त्याच संध्याकाळी माझ्यावरच उलटणार होतं.

नवा पंप सकाळीच आला होता, कागदपत्रांसकट. दिसायला जुन्या मोटारगाड्यांना असायचा तसाच: वाटीएवढा, बाजूला एक लिव्हर. कॅप्टनना दिवस मावळायच्या आत बेळगावला उतरायचं होतं. दाबोळी नौदलाचा तळ. आठवड्याच्या दिवशी सकाळी त्यांचं उड्डाण, आम्हाला आत शिरेपर्यंत दुपार. गेटवर हत्यारांची यादी, एकेक पाना मोजून. माझा वाकवलेला पाना जवानानं उलटसुलट करून पाहिला, "ये क्या चीज है?" गॅसवर तापवून, अर्धा कापून मीच केलेला आहे तो. पंपाचा खालचा बोल्ट मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) आणि इंजिन माउंटच्या मधे असा लपलेला असतो की बाजारातला कुठलाही पाना तिथं अर्धा फेरासुद्धा घेत नाही. कंपनीच्या इंजिनियरने तो बोल्ट स्वतः एकदा तरी काढून बघायला हवा होता.

माझ्याबरोबर पेडण्याचा एक पोरगा होता, दुसरंच वर्ष. जुन्या पंपाचे एल्बो, म्हणजे नळ्यांचे वाकडे जोड, नव्या पंपावर नेमक्या त्याच कोनात बसवायचे असतात, नाहीतर नळ्या जुळत नाहीत. म्हणून त्यानं फोटो काढायला फोन वर केला. संरक्षण खात्याचा विमानतळ! मी असा ओरडलो की पलीकडच्या विमानाखालचे लोडर वळून बघायला लागले. मग पुठ्ठ्यावर खडूनं कोन काढून घेतले. माझ्या मते फोटोपेक्षा ते बरं.

बॅटरी सोडली, मॅग्नेटोची चावी माझ्या खिशात, वरचे स्पार्क प्लग काढले म्हणजे प्रॉप (पुढचा पंखा) हातानं अलगद फिरतो. आता खरी मेख. इंजिनाच्या आत एक प्लंजर असतो, बोटाएवढी दांडी. आतल्या गिअरवरचा उंचवटा ती खाली दाबतो, आणि दांडी पंपाचा लिव्हर दाबते. जुना पंप काढला की दांडी घसरून खाली येते. प्रॉप फिरवून उंचवटा दूर न्यायचा, दांडीला ग्रीस लावून वर ढकलायची, ग्रीस तिला धरून ठेवतं. मग लिव्हर बरोबर तिच्याखाली सरकवून पंप दाबून धरायचा आणि बोल्ट लावायचे. गोव्याच्या दुपारी ग्रीस फार वेळ धरत नाही. माझी मनगटं जाड, तिथं शिरत नाहीत. पोरगा शिरला. दोन मिनिटांत आवाज, "बसला सर, सहज बसला."

इथं मी थांबायला हवं होतं. एरवी माझी सवय अशी की बाहेर जाणारी नळी सोडून, तोंडावर अंगठा धरून प्रॉप फिरवायचा. अंगठ्याला धक्के बसले की पंप ओढतोय. कॅप्टन घड्याळ बघत होते. प्रॉप एकदाच फिरवला, काही अडलं नाही, आणि अंगठा राहिला. नळ्या जोडल्या, बॅटरी जोडली, इलेक्ट्रिक पंप चालू, आरसा-टॉर्च घेऊन गळती तपासली. कोरडं. काटा पाचवर, हिरव्यात. मला बरं वाटलं.

प्लग परत लावायच्या आधी चहा घेतला. पोरगा ग्लास हातात धरून नुसता उभा. ग्लास रिकामा झाल्यावर म्हणाला, "सर, मगाशी बोल्ट लावताना स्प्रिंगचा जोर नाही लागला."

पोटात गोळा आला. लिव्हर दांडीखाली असेल तर पंप दाबावा लागतो, स्प्रिंग उलट ढकलते. सहज बसला याचा अर्थ लिव्हर दांडीच्या शेजारी गेला.

पंप खाली घेतला. तसंच होतं. लिव्हरच्या कडेला दांडीचा तेलकट ठसा, नखाएवढा. वाकला नव्हता, ओरखडाही नाही, कारण इंजिन चालवलं नव्हतं. रन-अपमध्ये, म्हणजे जमिनीवर इंजिन चालवून बघताना, इलेक्ट्रिक बंद केल्यावर काटा पडलाच असता, मला समजलंच असतं, असं मी स्वतःला सांगत असतो. पण तोवर दांडी नि लिव्हर एकमेकांत अडकून काय मोडलं असतं आणि त्याचे तुकडे संपमध्ये, इंजिनाच्या तळाच्या तेलात, कुठवर गेले असते, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

गॅस्केट एकदा दाबलं की गेलं. जास्तीचं एक माझ्या पेटीत असतं, दुसऱ्या कोणाच्या भरवशावर मी राहत नाही. या वेळी पंप दोघांनी मिळून दाबला. जोर लागला. अंगठ्याला धक्के आले. लॉकिंग वायर, प्लग, मग रन-अप. इलेक्ट्रिक बंद केला, काटा जागेवर. सही केली. कॅप्टन उजेड असतानाच उडाले, आभार मानायला विसरले.

लॉगबुकात एक ओळ: पंप बदलला, तपासला, समाधानकारक. खाली माझा लायसन्स नंबर.

वास्कोच्या स्टँडवर मी त्याला विचारलं, "तेव्हाच का नाही बोललास?"

"तुम्ही फोटोवरनं ओरडला होता ना."

मी काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात पणजीची बस लागली आणि तो धावला.