८९६ वजा केले, तरी सौंदत्ती सापडेना

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की कानडी अक्षरं देवनागरीत दाखवणारं वेब-पान होत आलंय. त्याचा गाभा अगदी साधा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, या दोन्ही लिप्या एकाच साच्यात बसवल्यात. कानडी 'अ' ३२०५ वर, आपला 'अ' २३०९ वर, मधलं अंतर ८९६. बहुतेक प्रत्येक अक्षराच्या क्रमांकातून ८९६ वजा करा, देवनागरी तयार. 'ळ'सुद्धा बरोब्बर आपल्या जागी येतो. दिवसभर बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी यंत्रावर उभं राहून रात्री दहानंतर लॅपटॉप उघडायचा आणि असं काही जुळताना बघायचं, त्या रात्री झोप लागत नाही.

दोन ठिकाणी अडलं. कानडीत ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे आहेत. 'बेळगावी'तला 'बे' ऱ्हस्व. वजाबाकीने येणारी ऱ्हस्व मात्रा देवनागरीच्या तक्त्यात आहे, पण मराठी वाचणाऱ्याला ती अनोळखी, म्हणून ती आपल्या साध्या मात्रेवर वळवली. दुसरी अडचण जास्त छळणारी. कॉपी केलेल्या काही मजकुरात दीर्घ वेलांटी दोन तुकड्यांत येते: ऱ्हस्व वेलांटी आणि तिच्यामागे लांबीची खूण, क्रमांक ३२८५. त्यातून ८९६ गेले की २३८९, आणि पडद्यावर भलतंच चिन्ह. वजाबाकीच्या आधी जावास्क्रिप्टचं 'नॉर्मलाइझ' हे फंक्शन 'एनएफसी' या जोडून घेणाऱ्या प्रकाराने चालवलं की तुकडे सांधले जातात. एक ओळ, पण ती सापडायला दोन रात्री गेल्या.

हे सगळं आईसाठी चाललंय. ती पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला जाते. मराठी चौथी शिकलेली. बसवरची कानडी पाटी तिला वाचता येत नाही, दरवेळी कुणाला तरी विचारावं लागतं. रविवारी तिला फोन दिला. पडद्यावर आलं 'सवदत्ति'. तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "ही न्हवं रे माझी गाडी. मला सौंदत्तीला जायचंय."

लेक शेजारी अभ्यास करत होती, तिला शाळेत कानडी आहे. "आज्जी, तीच की गं ती! कानडीत तसंच लिहितात."

अक्षरं बरोबर होती, गाव मात्र हरवलं होतं. निप्पाणि, हुब्बळ्ळि, खानापुर. आपल्या तोंडी निपाणी, हुबळी, खानापूर. शेवटची वेलांटी दीर्घ करण्याचा नियम लिहिता येतो. पण 'अव'चा 'औं' करायला गेलो तर सवणूरचं सौंणूर होईल. नियम तिथेच सोडले. आता नावांची यादी हाताने करतोय. आई सांगते ते मराठी नाव, लेक लिहिते ते कानडी.

शिवाय स्टँडवर उभं राहून आई कानडी टाइप कुठून करणार? टेसरॅक्ट या फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने वाचून पाहिलं. छापील मजकूर ठीक जमतो, पण सरकत्या एलईडी पाटीचं अर्धंच नाव फोटोत येतं. म्हणून पान उलटं केलं. आईने मराठी नावावर बोट ठेवायचं, की पडदाभर कानडी नाव येतं, आणि ते पाटीशी ताडून बघायचं. पान फोनमध्येच साठवून ठेवणाऱ्या सर्व्हिस वर्करमुळे नेट नसलं तरी चालतं.

लेकीने आणखी एक गोष्ट केली, जी मला सुचली नव्हती. 'त्ति' लिहिताना कानडीत दुसरा 'त' पहिल्याच्या खाली लटकतो, त्याला ओत्तक्षर म्हणतात. तो तिने लाल करायला लावला. अक्षराचा फक्त तेवढाच भाग रंगवणं मला सीएसएसने (पानाची सजावट ठरवणाऱ्या भाषेने) जमलं नाही, म्हणून सध्या सगळा 'त्ति'च लाल आहे. तो भाग एसव्हीजीने, म्हणजे अक्षर चित्रासारखं काढून, करून बघायचाय.

परवा बाजारातून येताना आई समोरच्या बसकडे बघून थांबली. "हिच्यात पण तो खाली लोंबणारा आहे बघ." बस हुबळीची होती. लटकणारा 'ब' होता की 'ळ', ते बघायच्या आत बस निघून गेली.